एका अंशाशेजारी

जिथे आहात तिथेच बसा. पाठ टेकत असेल तर टेकू द्या.

आज आपल्याला एकच आकडा पाहायचा आहे.

एक अंश.

सेल्सिअसचा एक अंश. एवढ्या फरकासाठी कुणी उठून पंख्याचा रेग्युलेटरही फिरवत नाही.

श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

जुलैतली पहाट आहे. मुंबईत सांताक्रूझला, वेधशाळेच्या आवारातून एक पांढरा बलून सुटतो. त्याला लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला एक हलकी पेटी. तिला रेडिओसाँड म्हणतात. दाब, तापमान, आर्द्रता मोजत ती वर जाते, आणि मोजलेलं रेडिओवरून खाली कळवत राहते.

ग्रिनिचला मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. याच घटकेच्या नोंदीसाठी जगभरात शेकडो ठिकाणांहून असे बलून वर जात आहेत. आपण मात्र या एकाकडेच पाहू.

सेकंदाला साधारण पाच मीटर. बलून चढतो आहे.

विमानतळाचे दिवे खाली बारीक होतात. मग ढग येतो. मग दिवे दिसत नाहीत.

पाचेक मिनिटं त्याच्याबरोबर राहा.

दीड किलोमीटर उंची. चहूकडे राखाडी ओल. समुद्रावरून आलेला पश्चिमेचा वारा इथे चांगलाच जोरात आहे. पेटी सांगते, वीस अंश.

संगणकातलं मॉडेल म्हणत होतं, एकोणीस.

इथे थांबा.

वीस आणि एकोणीस. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत बसायचं आहे आपल्याला. जागा लहान दिसते. बसल्यावर कळेल.

कोण बरोबर, हे लगेच ठरवू नका.

आधी एकोणीसकडे पाहा. तो कुठून आला?

मॉडेल कधीच कोऱ्या पाटीवरून सुरुवात करत नाही. तीन तासांपूर्वी, रात्री अडीचला, त्यानं हवेची जी अवस्था धरली होती, तीच पुढे चालवत ते इथवर आलं. वारा वाहवला, वाफ उचलली, ढग घडवले, आणि साडेपाचच्या घटकेला सांताक्रूझवर दीड किलोमीटर उंचीशी लिहिलं, एकोणीस. नवी निरीक्षणं हाती येण्याआधीचा हा पूर्वअंदाज. इंग्रजीतून काम करणारे याला बॅकग्राउंड म्हणतात.

त्यात कालच्या बलूनचं थोडं आहे. परवाच्या उपग्रहाचं थोडं आहे. अरबी समुद्रावरून गेलेल्या एखाद्या विमानाचंही आहे. जुनी निरीक्षणं मॉडेलच्या पोटात विरघळून गेली आहेत, वेगळी काढता येत नाहीत.

एकोणीसला कमी लेखू नका. पुष्कळ काही माहीत असलेला आकडा आहे तो.

आता वीसकडे पाहा. पेटीतला संवेदक भिजला असेल. आणि ती मोजते ती जाताजाता लागलेल्या हवेची बारीक रेघ. मॉडेलचा एकोणीस हा दीड किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद अशा अख्ख्या चौकोनाचा आहे. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, असंही पुरतं म्हणता येत नाही.

वीसलाही आपली चूक आहे.

श्वास घ्या. दोन्ही आकडे शेजारी असू द्या.

यातला कुठला किती मानायचा?

समजा, पूर्वअंदाज अशा ठिकाणी सहसा एक अंशानं चुकतो. पेटी सहसा अर्ध्या अंशानं. दोन्हींचे वर्ग करा. एक, आणि पाव. दोन्ही मिळून सव्वा. आता पूर्वअंदाजाच्या वाट्याच्या एकाला या सव्वानं भागा.

०.८.

म्हणजे एक अंशाच्या फरकातला ०.८ अंश आपण पेटीचं ऐकून घेतो. एकोणीसचे १९.८ होतात. हा झाला नवा आरंभबिंदू. इथून मॉडेल पुढे धावेल.

सोपं आहे. पण या सगळ्या सोपेपणाखाली एक शब्द दबून बसला आहे. सहसा.

पूर्वअंदाज सहसा एक अंशानं चुकतो, हे आपल्याला कुणी सांगितलं?

थोडा वेळ हा प्रश्न तसाच राहू द्या. उत्तराकडे धावू नका.

त्याआधी एक गोष्ट बघायची आहे.

दुरुस्ती सांताक्रूझला झाली. ०.८ अंश. तिथल्या हवेला आता थोडं ऊबदार लिहिलंय. मग शेजारच्या चौकोनाचं काय? तिथे तर बलून गेला नाही. ठाण्यावरून गेला नाही, उरणवरून गेला नाही, समुद्रावरून तर नाहीच नाही.

सांताक्रूझला मॉडेल चुकलं असेल, तर दीड किलोमीटर पलीकडेही तसंच चुकलं असणार. दहा किलोमीटर पलीकडे? बहुधा. शंभर?

डोळे मिटा हवं तर.

धुवून पिळलेलं, अजून ओलं असलेलं पांढरं धोतर दोरीवर आहे. त्यावर निळीचा एक थेंब पडतो. पाहा, तो कसा पसरतो. मध्ये गडद. कडेला फिका. आणि कड नक्की कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नाही.

आपला ०.८ अंश असाच पसरतो.

हवामानकेंद्रांत हे मुद्दाम करून पाहतात. बाकीची सगळी निरीक्षणं बाजूला ठेवतात, एकच ठेवतात, आणि दुरुस्तीचा डाग नकाशावर कसा उमटतो ते बघतात. या कसोटीला सिंगल ऑब्झर्वेशन टेस्ट म्हणतात. मला या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत प्रांजळ गोष्ट वाटते. समीकरणं लपवता येतात. हा डाग लपत नाही. आपण आपल्या चुकांबद्दल जे काही मानून चाललो आहोत, ते सगळं तो एका चित्रात मांडतो.

पाहा त्याच्याकडे.

जुन्या, मोठ्या जाळीच्या मॉडेलमध्ये डाग गोल आहे. मोठा आहे, शेकडो किलोमीटरचा. सांताक्रूझचा अंश नाशिकवर जातो, पुण्यावर जातो, सह्याद्री जणू नाहीच असा पलीकडे उतरतो.

गोल डाग सुबक दिसतो.

आता दीड किलोमीटरच्या जाळीत तोच अंश टाका. आणि वाट बघा.

डाग लहान आहे. वाऱ्याच्या दिशेनं लांबट झालाय. पूर्वेला साठेक किलोमीटरवर घाटाची भिंत आहे; तिथे तो अडतो, भिंतीला लागून थोडा उत्तर-दक्षिण सरकतो. किनाऱ्याशी त्याची कड मोडते, कारण जमिनीवरची हवा आणि समुद्रावरची हवा एकाच कारणानं चुकत नाहीत.

वेडावाकडा डाग. त्याच्याकडे बघत राहा.

त्याचा आकार हवेचा नाही, तापमानाचाही नाही. आपल्याला जे माहीत नाही, त्याचा आकार आहे हा.

श्वास.

आता मघाचा प्रश्न परत घेऊ. आपण किती चुकतो, आणि कुठली चूक कुठल्या चुकीला धरून येते, हे कळायचं कसं?

चूक म्हणजे अंदाज वजा खरं.

पण खरं कुणाजवळ आहे?

थांबा इथे. नीट थांबा. ते कुणाजवळही नाही. साडेपाच वाजता कोकणावरच्या प्रत्येक चौकोनात, प्रत्येक उंचीवर हवा नेमकी कशी होती, याची नोंद जगात कुठेच नाही. ती कधी होणारही नाही. वजाबाकीतली एक संख्या कायमची गैरहजर आहे.

तरीही वजाबाकी करायची आहे.

इंग्लंडमध्ये रेडिंगच्या युरोपीय हवामानकेंद्रात टोनी हॉलिंग्सवर्थ आणि पीटर लोनबर्ग या दोघांनी १९८६ साली एक रीत मांडली. त्यांच्यासमोर होते उत्तर अमेरिकेवरचे बलून. त्यांचं काम एका आलेखात मावतं. तो आलेख मनात काढू.

एक आडवी रेघ. तिच्यावर अंतर, दोन बलूनमधलं.

एक उभी रेघ. तिच्यावर, दोन्ही ठिकाणचे फरक किती एका सुरात चालतात ते.

फरक म्हणजे आपला तोच, वीस वजा एकोणीस. पेटी वजा पूर्वअंदाज. प्रत्येक ठिकाणी, रोज, महिनोन्‌महिने.

आता दोन बलून घ्या, एकमेकांपासून लांब. या पेटीची चूक त्या पेटीला माहीत नाही. दोघींची कधी भेट नाही. तरीही दोन्हीकडचे फरक एकाच बाजूला झुकत असतील, तर त्या झुकण्यात पेट्यांचा हात असू शकत नाही.

तो पूर्वअंदाजाचाच.

ठिपके टाका. जवळच्या जोड्या वर, लांबच्या खाली. उजवीकडे उतरत जाणारी रांग.

त्या ठिपक्यांतून एक वळणदार रेघ काढा, आणि ती डावीकडे मागे मागे न्या. अंतर कमी करत. कमी करत. शून्यापर्यंत.

रेघ उभ्या अक्षाला एका जागी टेकते.

पण बलूनचा स्वतःशीच हिशेब केला, तर ठिपका त्याच्याही वर पडतो. रेघेच्या वर, एकटा.

त्या दोघांमधली फट पाहा.

फटीच्या खालचं सगळं पूर्वअंदाजाचं. फटीएवढं पेटीचं. खरं काय ते न कळताच दोघांच्या चुका वेगळ्या झाल्या.

मला या फटीशी बसायला आवडतं. तुम्हीही बसा थोडं.

पण कोकणात हा आलेख काढायला गेलो, की एक अडचण समोर येते. सांताक्रूझच्या दक्षिणेला किनाऱ्यावर बलून जातो तो पणजीहून. मध्ये चारशे किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. म्हणजे किनाऱ्यापुरत्या आलेखात शून्यापासून चारशेपर्यंत एकही ठिपका नाही.

त्या कोऱ्या जागेत अख्खी मुंबई आहे. अलिबाग आहे, महाड आहे, चिपळूण आहे. दीड किलोमीटरच्या मॉडेलला जे जे पाहायचं आहे, ते सगळं त्याच कोऱ्या जागेत आहे.

कोऱ्या जागेकडे पाहा. रेघ ओढायची घाई करू नका.

दुसरीही एक रीत आहे. अमेरिकेच्या नॅशनल मिटिऑरॉलॉजिकल सेंटरमधल्या डेव्हिड पॅरिश आणि जॉन डर्बर यांनी ती १९९२ साली लिहिली, आणि सोपी असल्यानं ती जगभर गेली.

परवा केलेला ४८ तासांचा अंदाज घ्या. काल केलेला २४ तासांचा घ्या. दोन्ही आजच्या एकाच घटकेबद्दल बोलतात. दोन्ही एकच असायला हवेत. नसतात.

एकातून दुसरा वजा करा. महिनाभर, दोन महिने, रोज. त्या वजाबाक्यांचा जो सरासरी आकार येतो, त्याला पूर्वअंदाजाच्या चुकीचा आकार माना.

खरं गैरहजर आहे, म्हणून अंदाजाला अंदाजासमोर बसवलंय.

हेही थोडा वेळ ऐका. काल काय म्हणालो होतो, परवा काय म्हणालो होतो, आणि दोन्हींत किती अंतर पडलं.

आता पश्चिमेला वळा. समुद्राकडे.

तिथे बलून नाहीत. ढगांखालचं काय ते उपग्रहाच्या इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही. परवाच्या अंदाजाला तिथे कुणी टोकलं नाही, कालच्यालाही नाही. म्हणून दोघं जवळजवळ सारखंच बोलतात. वजाबाकी लहान येते.

आणि लहान वजाबाकी पाहून रीत म्हणते, इथे चूक कमी आहे.

हे वाक्य हळू वाचा पुन्हा.

जिथे कुणीच काही विचारलं नाही, तिथे मॉडेल स्वतःला सर्वांत खात्रीचं समजतं. आणि आपला पाऊस तिकडूनच येतो.

श्वास घ्या. सोडा.

या सरासरीत आणखी एक गोष्ट हरवते. महिनाभराचे दिवस एकत्र कालवले, की उघडिपीचा दिवस आणि कोसळता दिवस यांना एकच डाग मिळतो. आजची पहाट वेगळी आहे, हे त्या डागाला माहीत नसतं.

आजच्या पहाटेचा डाग हवा असेल, तर?

मॉडेल एकदा चालवू नका. पंचवीस वेळा चालवा.

प्रत्येक वेळी अडीचपर्यंतची निरीक्षणं किंचित हलवून द्या, पेटीच्या चुकीएवढीच. एकाला वीस सांगा, दुसऱ्याला १९.६, तिसऱ्याला २०.३. सगळ्यांना रात्री अडीचला सोडा, आणि पहाटे साडेपाचला पाहा, कोण कुठे पोचलंय. अशा संचाला एन्सेम्बल म्हणतात.

जिथे पंचवीसही जणांचं एकमत आहे, तिथे डाग फिका. जिथे ते पांगलेत, तिथे गडद.

आजच्या वाऱ्यात, आजच्या ढगात, आजच्या पहाटे.

पांगलेल्या त्या पंचवीस आकड्यांवर लक्ष ठेवा. एकोणीस. साडेअठरा. वीस. एकोणीस पॉइंट दोन. साडेएकोणीस. प्रत्येकानं आपल्यापुरतं नीटच काम केलंय.

आता संख्येकडे वळू. फार नाही, एकदाच.

मुंबई मध्ये धरून साडेसातशे किलोमीटरचा चौरस घ्या. पूर्वेकडे तो छत्रपती संभाजीनगरच्या पुढे जातो. दीड किलोमीटरची जाळी, म्हणजे पाचशे गुणिले पाचशे चौकोन. उंचीचे साठ थर. प्रत्येक जागी पाच आकडे: तापमान, वाफ, दाब आणि वाऱ्याचे दोन घटक. सगळे मिळून साडेसात कोटी.

प्रत्येकाची चूक प्रत्येकाच्या चुकीशी किती बांधलेली आहे, हे लिहायचं, तर साडेसात कोटी गुणिले साडेसात कोटी. जुन्या लोकांना पावकी-निमकी पाठ होती, ते तोंडीच सांगतील. सव्वाछप्पन्न. सव्वाछप्पन्न कोटी कोटी.

एवढी चौकट अख्खी कुठे मांडून ठेवत नाहीत. तिला बी मॅट्रिक्स म्हणतात. तिच्यावर जन्मभर काम केलेल्यांनीही ती अख्खी कधी पाहिलेली नाही.

सव्वाछप्पन्न कोटी कोटी नाती, आणि ती सांगायला साक्षीदार पंचवीस.

हसू आलं तर येऊ द्या.

पंचवीसच साक्षीदार असले, की योगायोगही नात्यासारखे दिसू लागतात. सांताक्रूझची ऊब आणि तीनशे किलोमीटरवर बीडच्या आकाशात, नऊ किलोमीटर उंचीवरचा वारा. पंचवीस धावांत ते दोघं उगाचच थोडे एकत्र हलतात. काही संबंध नाही. तरी हिशेबात ०.२ एवढं नातं सहज निघतं.

आपला एक अंश बीडपर्यंत जाऊन तिथला वारा हलवू पाहतो.

त्याला थांबवा. हळूच. अमुक अंतरापलीकडचं नातं, दिसलं तरी, धरायचं नाही. आत धरायचं, पण अंतर वाढेल तसं सैल करत. याला लोकलायझेशन म्हणतात. हे करताना काही खरी नातीही तुटतात, हे करणाऱ्यांना माहीत असतं.

किती अंतरावर सोडायचं? वीस किलोमीटर? शंभर?

मनात एक आकडा येऊ द्या. लगेच पक्का करू नका.

तेवढ्यात परत बलूनकडे जाऊ. तो अजून आपल्याला लागतो आहे.

आपली पेटी ढगात आहे. हवा वाफेनं काठोकाठ भरलेली. आता मॉडेल म्हणतंय एकोणीस आणि पेटी म्हणतेय वीस, तर ऊब वाढवताना वाफेचं काय करायचं?

हवा एका अंशानं तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. ढग ढगच राहायचा असेल, तर ती सात टक्के वाफही आत आली पाहिजे. ऊब वाढली, वाफ वाढली. दोन चुका हातात हात घालून.

आता तीच पेटी वीस किलोमीटर बाजूला, उघडिपीत न्या.

तिथे हवा वरून खाली बसतेय. बसताना तापते, आणि वरची म्हणून कोरडी आहे. मॉडेलनं ते बसणं कमी धरलं असेल, तर ऊब वाढली की वाफ कमी करायची.

तोच अंश. वीस किलोमीटरवर त्याचा अर्थ नेमका उलटा.

ढगाच्या कडेवर उभे राहा. एक पाय आत, एक बाहेर.

फ्रान्सच्या हवामानखात्याच्या आरोम या मॉडेलवर काम करणाऱ्यांनी पावसातल्या चुका आणि पावसाबाहेरच्या चुका वेगवेगळ्या मोजल्या. पावसात डाग लहान होतो. वारा आणि दाब यांचं मोठ्या नकाशावर दिसणारं जुनं नातं सैल होतं, आणि वाफ, ऊब, वाऱ्याचं एकत्र येणं यांचं आपसातलं नातं घट्ट होतं.

म्हणजे एकाच नकाशावर, एकाच पहाटे, दोन तऱ्हेची अज्ञानं शेजारी आहेत. मध्ये ढगाची कड.

आणि ती कड तरी जागेवर आहे का?

मॉडेलमध्ये सर पवईवर आहे. प्रत्यक्षात ती ठाण्याच्या खाडीवर आहे. सर खरी, वेळ खरी, जोर खरा. जागा तेवढी सरकली.

वजाबाकी करा. पवईवर मोठी चूक, जास्तीची. खाडीवर मोठी चूक, कमीची. दोन मोठे डाग उमटतात, एक काळा, एक पांढरा. आणि दोन्हींच्या मुळाशी असते काही किलोमीटरची एकच सरक.

आपली ०.८ वाली रीत सरकणं ओळखत नाही. ती फक्त वाढवते आणि कमी करते. पवईवरची सर ती थोडी पुसते, खाडीवर थोडी उमटवते, आणि दोन अर्धवट सरी तयार होतात.

दोन अर्धवट सरींकडे पाहा. त्यातली एकही आकाशात नाही.

यावर अजून पुरता उपाय नाही. राहू द्या तसं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ९४४ मिलिमीटर. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३.

मध्ये पंचवीसेक किलोमीटर.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा, मघाशी वीस आणि एकोणीस ठेवले होते तसे. काही बोलू नका. त्या दिवशी ज्यांच्या घरात पाणी शिरलं, जे परतले नाहीत, त्यांच्यासाठी एवढी शांतता पाळू.

श्वास.

शेकडो किलोमीटरचा तो मोठा सुबक डाग आता पुन्हा समोर आणा. तो सांताक्रूझ आणि कुलाबा यांना एकच समजतो. सांताक्रूझला जे कळलं, तेच कुलाब्याला सांगतो. त्या दिवशी दोन्ही ठिकाणच्या आभाळाचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नव्हता.

आता तुमच्या मनातला अंतराचा आकडा पाहा. मघाशी आला होता तो. तोच आहे, की थोडा कमी झाला?

सावकाश परत या. पाठ, खांदे, हात. खोलीतले आवाज.

एक लहानसं काम राहिलंय. डोळे उघडे ठेवूनच करायचंय.

पूर्वअंदाज एक अंशानं चुकतो, असं आपण धरलं. पेटी अर्ध्यानं. वर्ग, एक आणि पाव. मग दोघांमधल्या फरकाचा वर्ग सरासरीनं सव्वा यायला हवा. धरलेलं खरं असेल, तर.

तपासा. जुलैच्या सगळ्या पहाटांचे फरक घ्या. कधी एक, कधी उणे दोन, कधी अर्धा. प्रत्येकाचा वर्ग. बेरीज. सरासरी.

समजा, ती अडीच आली.

घाबरायचं कारण नाही. चिडायचंही नाही. पेटीवर भरवसा आहे, तर पाव तिचा तसाच ठेवा. अडीचातून पाव वजा करा. सव्वादोन उरतात. त्याचं वर्गमूळ दीड.

पूर्वअंदाज दीड अंशानं चुकत होता. आपण एक धरून चाललो होतो.

सव्वादोन भागिले अडीच. ०.९.

०.८ खोडा, तिथे ०.९ लिहा. पुढची फेरी साडेआठची आहे.